ऑफ-ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या छोट्या थिएटरांत गाजलेलं छोटं, नवं म्युझिकल (संगीत नाटक) टोनी या नाट्यपुरस्काराच्या आशेवर ब्रॉडवेवरच्या मोठ्या थिएटरात न्यावं का?

न्यावं, पण जूनमधल्या टोनीपर्यंत प्रयोग चालू ठेवता येतील एवढा पैसा हाताशी असेल तरच. छोटेपणा पुरस्काराच्या आड येत नाही. २००४ मध्ये बाहुल्यांच्या ‘ॲव्हेन्यू क्यू’ने चक्क ‘विकेड’ या भव्य म्युझिकलला मागे टाकलं होतं. खरी कसोटी हिवाळ्याची. पर्यटक आटतात, पण थिएटर, नट, वादक, जाहिरात यांचा खर्च दर आठवड्याला उभाच असतो. ब्रॉडवेचे गल्ल्याचे साप्ताहिक आकडे जाहीर होतात, त्यांत ही ओढाताण स्पष्ट दिसते. ‘मेबी हॅपी एन्डिंग’चंच घ्या. मूळ दक्षिण कोरियातल्या सोलचं, मोडीत निघालेल्या दोन मदतनीस रोबोंची प्रेमकथा, चारच नट, पाठीशी ना गाजलेली कादंबरी ना सिनेमा. २०२४ च्या हिवाळ्याच्या तोंडावर बेलास्को थिएटरात ते आलं, तेव्हा तिकिटं फार खपत नव्हती. निर्माते टिकून राहिले, परीक्षणं उत्तम आली, पाहून आलेले लोक इतरांना सांगत सुटले आणि गल्ला चढत गेला. जून २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट म्युझिकलसह ६ टोनी! इतकं हळुवार नाटक तगलं याचा मला मनापासून आनंद आहे.

मात्र नुसत्या नामांकनांवर हिशेब मांडू नका. ‘द स्कॉट्सबरो बॉइज’ही ऑफ-ब्रॉडवेवरून आलेलं, २०१० च्या डिसेंबरातच बंद पडलं. पुढच्या वर्षी त्याला १२ नामांकनं मिळाली, पुरस्कार एकही नाही. आणि ‘अ स्ट्रेंज लूप’ने २०२२ चा सर्वोच्च टोनी जिंकूनही जानेवारी २०२३ मध्ये पडदा पाडला.