लहान पर्यायी शाळेचा निकाल कसा वाचावा?

शहाद्याजवळच्या, शंभराच्या आत पट असलेल्या एका पर्यायी शाळेचा दहावीचा निकाल एका वर्षी शंभर टक्के आणि पुढच्या वर्षी पंचाहत्तर टक्के लागला. तेथील बहुतेक मुले आदिवासी कुटुंबांतील असल्याने शाळा कच्ची समजावी काय, असे आपण विचारले आहे. नंदुरबार जिल्ह्यात मी शिक्षकी केली आहे, आणि या दोन आकड्यांवरून तसे मुळीच म्हणता येत नाही, असे माझे मत आहे. परीक्षेला बारा मुले बसली असतील, तर एक नापास होताच निकाल ९१.६७ टक्क्यांवर येतो आणि तिघे राहिले की पंचाहत्तरवर. मला उलट शंभर टक्क्यांचीच शंका अधिक येते, कारण काही ठिकाणी नववीतच कच्च्या मुलाच्या हाती दाखला देऊन सतरा नंबरचा (शाळेबाहेरून, खासगीरीत्या दहावीला बसण्याचा) फॉर्म भरायला सांगितले जाते. म्हणून नववीच्या पटावर किती होती आणि दहावीला किती बसली, हे आधी विचारावे.

२०११ च्या जनगणनेत नंदुरबारची साक्षरता ६४.३८ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होती आणि लोकसंख्येत आदिवासींचा वाटा सुमारे ६९ टक्के होता. मात्र गुण कमी पडतात ते जातीमुळे नव्हे. घरी पावरी किंवा भिलोरी बोलणाऱ्या मुलाला पहिलीत मराठी भाषा आणि तिची अक्षरे एकाच वेळी शिकावी लागतात. अक्कलकुवा-धडगाव भागातील, नर्मदा बचाव आंदोलनाने सुरू केलेल्या जीवनशाळांनी मुलांच्या बोलीला वर्गात जागा दिली ती यासाठीच. दुसरे कारण हजेरीपटावर डोळ्यांना दिसते. कुटुंब गुजरातेत ऊसतोडीला गेले की दिवाळीनंतर त्या नावापुढे गैरहजेरीची रांग लागते, होळीच्या आठवड्यात चार-पाच दिवस हजेरी भरते (सातपुड्यात होळीला माणूस गावी येतोच) आणि पुन्हा तीच रांग सुरू होते. शिवाय २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यात वयानुरूप प्रवेशाची तरतूद असल्याने, कधीच शाळेत न गेलेले अकरा वर्षांचे मूल थेट पाचवीत बसू शकते. त्याचे वाचन पहिलीपासून शिकत आलेल्या मुलाच्या वाचनाशी ताडून पाहणे अन्यायाचे आहे.

तेव्हा शाळेकडे एकाच मुलाच्या जूनमधल्या आणि मार्चमधल्या वह्या मागाव्यात. जूनमध्ये जोडाक्षरांवर अडणारे मूल मार्चमध्ये स्वतःच्या मनाने चार ओळी लिहीत असेल, तर ती शाळा शिकवते आहे, मग निकाल काहीही असो.

आपले मूल घरी मराठी बोलणारे आणि वर्षभर हजर राहणारे असेल, तर आपली अडचण निराळी आहे: शिक्षकांचा बहुतेक वेळ मागे राहिलेल्या मुलांना सोबत घेण्यात जात असताना पुढे असलेल्या मुलाला ते कोणते काम देतात, हे वर्गात दिवसभर बसूनच पाहावे.