पेढे वाटून झाले असतील तर हे वाच

टीसीएसमध्ये नोकरी लागली, अभिनंदन! कंपनीचं नाव ऐकून घरचे खूश असणार, असू देत. पण कंपनीचं नाव वेगळं आणि तुझा रोजचा दिवस वेगळा. तो ठरतो तुझ्या मॅनेजरवर.

जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून जास्त लोक कमी करणार असं जाहीर केलं. मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतले. 'टाटांची नोकरी म्हणजे सरकारी नोकरी' हे आपल्याकडचं जुनं समीकरण तेव्हाच डळमळलं. त्याआधी जूनमध्ये बेंचचा (म्हणजे हातात प्रोजेक्ट नसताना पगारावर बसून राहण्याचा) नियम आला होता: वर्षात किमान २२५ दिवस बिलिंग, म्हणजे क्लायंट ज्याचे पैसे देतो असं काम, आणि बेंचवर फार तर ३५ दिवस. हे आकडे पाठच कर.

मी दुसऱ्या एका कंपनीत (नाव नको) बेंचवर होतो. रोज सकाळी कार्ड स्वाइप करायचो, मेल टाकायचो, उत्तर नाही. कँटीनमधला पोऱ्यासुद्धा विचारायला लागला, "सर, अजून बेंचवरच?" शेवटी प्रोजेक्ट मिळाला तो लिफ्टमध्ये भेटलेल्या जुन्या लीडमुळे. म्हणून ओळखी ठेव. लाज कसली त्यात?

ऑनलाइन रेटिंगवर फार जाऊ नकोस. चिडलेले लिहितात, नाहीतर एचआरने सांगितलं म्हणून लिहितात. त्यापेक्षा टीममधल्या कुणाला तरी चहाला ने आणि विचार, गेल्या वर्षात इथून किती जण गेले आणि का. समोरचा आधी आजूबाजूला बघून मग बोलायला लागला, तर काय ते समज.

आणि हो, नोटीस पीरियड किती दिवसांचा आहे ते सही करण्याआधी बघ.