वर्गात उवा निघाल्या? नवीन बाईंसाठी थोडं
ताई, पहिल्यांदा घाबरू नका, सोलापुरातल्या कुठल्याही शाळेत हे होतंच. मुख्य गोष्ट म्हणजे पोरीला सगळ्यांसमोर उभं करून डोकं बघायचं नाही, आणि घरीही पाठवायचं नाही. उवा सापडेपर्यंत त्या बरेच दिवस डोक्यात असतात, मग एक दिवस शाळा बुडवून काय मिळणार? उवा उडत नाहीत, डोक्याला डोकं लागलं की चालत जातात, म्हणून वेण्या घट्ट, कंगवा-रिबिनी ज्याच्या त्याच्या.

नव्या शिक्षकांच्या नेहमीच्या चुका:
- घाण म्हणून उवा होतात असं आईला बोलणं. रोज न्हाणाऱ्या पोरींनाही होतात.
- एकदा औषध लावलं की झालं समजणं. लिखा ७ ते १० दिवसांत फुटतात, म्हणून पर्मेथ्रिन (उवा मारायचं औषध) लावलं तरी साधारण नवव्या दिवशी परत लावायचं, मध्ये ओल्या केसांतून बारीक फणी.
- रॉकेल. कुणी म्हटलं तर तिथल्या तिथं थांबवा, भाजतं, पेट घेतं.

घरी द्यायची उवांची चिठ्ठी एकीला नको, नाव न घालता अख्ख्या वर्गाला द्या. आपल्या पूर्वभागात बऱ्याच आया दिवसभर विड्या वळतात, त्यांच्याशी बोलताना जरा मायेनं बोला, ऐकतात.