निपाणी-चिकोडी रस्त्यावर रात्री बाईक चालवणाऱ्या धाकट्या भावाला काय शिकवावं?

तुमचा भाऊ चिकोडीच्या कामावरून रोज अंधार पडल्यावर बाईकनं निपाणीला परतणार, म्हणून तुम्ही विचारलंय. याच पट्ट्यात मी पंधरा वर्षं गाडी चालवतोय आणि एकदा वाईट पडलोय. त्याला आधी एवढंच शिकवा: हेडलाइटच्या उजेडात थांबता येईल तेवढाच वेग.

ताशी 60 च्या वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर जाते. समोरचं दिसून ब्रेक दाबेपर्यंतच तेवढं अंतर संपतं. पुढं कोरड्या डांबरावरही थांबायला आणखी वीस-पंचवीस मीटर लागतात. लो बीमच्या उजेडात तेवढ्या लांबचं नीट दिसतच नाही. त्यात दिवाळीनंतर गळीत हंगाम. उसाच्या डबल ट्रॉल्या, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि एखादी पंक्चर होऊन रस्त्यातच उभी.

मी ट्रॉलीला धडकलो नव्हतो. ट्रॉली केव्हाच निघून गेली होती, पण चाकांना लावलेले दोन दगड रस्त्यावरच राहिले होते, डांबरासारखेच काळे. पुढचं चाक त्यावरून उडालं. डाव्या मनगटात प्लेट बसली. हेल्मेट कानाजवळ घासून आतला थर दिसत होता, डोक्याला मात्र खरचटलंही नाही. ते हेल्मेट मी परत घातलं नाही, कारण आतलं थर्माकोल एकदा दबलं की पुढच्या वेळी वाचवत नाही. भावाला आयएसआयचंच घेऊन द्या, आणि पट्टा रोज लावतोय का बघा. पट्टा मोकळा सोडून जाणारी पोरं दिसली की माझा जीव वरखाली होतो.

दुसरं, ब्रेक. आपल्याकडं बहुतेकजण नुसता पायाचा ब्रेक मारतात, पण गाडी थांबवण्याचं जास्त काम पुढचा ब्रेक करतो. रविवारी सकाळी मोकळ्या मैदानात त्याला 30 च्या वेगातून दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा न झटकता हळूहळू दाबत, वीस-पंचवीस वेळा थांबायला लावा. गाडीला एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी सोय) असला तरी हे करायचंच.

समोरून झगझगीत उजेड आला तर त्याच्याकडं न बघता रस्त्याच्या डाव्या कडेकडं बघायचं आणि वेग उतरवायचा.

मदतीला 108 आणि 112. पुणे-बेंगळुरू हायवेवर असेल तर 1033 सुद्धा. सीमेजवळ मोबाईल पलीकडचा टॉवर पकडतो, फोन महाराष्ट्रात लागू शकतो. म्हणून आधी 'कर्नाटक, तालुका निपाणी' (चिकोडीच्या बाजूला असेल तर 'तालुका चिकोडी') सांगायचं, मग गाव आणि जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा. दुसरं कुणी पडलेलं दिसलं तर त्यानं बेधडक थांबावं. मोटार वाहन कायद्याच्या 134अ कलमानं मदत करणाऱ्याला संरक्षण आहे, नाव सांगायचीही सक्ती नाही. मला त्या रात्री दवाखान्यात नेणाऱ्या दुधाच्या टेम्पोवाल्याचं नाव मला आजही माहीत नाही.