वाचक विचारतात : कोणत्या गाडीला कोणता रिव्हर्स कॅमेरा?

या वेळचे सगळे प्रश्न रिव्हर्स कॅमेऱ्याचे आहेत. बहुतेकांनी 'किती मेगापिक्सेल, किती डिग्री' एवढंच विचारलंय. गाडी किती व्होल्टची, कॅमेरा बसणार कुठे आणि स्क्रीन कोणती, हे थोड्यांनीच लिहिलंय. उत्तरं मात्र या तीन गोष्टींवरूनच ठरतात.

माझी २०२० ची हॅचबॅक आहे. मागे कंपनीचे सेन्सर आहेत आणि नंतर बसवलेला अँड्रॉइड प्लेअर आहे. दुकानदार नंबरप्लेटच्या फ्रेममधला 'एचडी' कॅमेरा सुचवतोय. घेऊ का? – एक वाचक, ठाणे

फ्रेमवाला नको. तुमच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबरप्लेट आहे आणि ती स्नॅप लॉकने बसवलेली असते. ही लॉक तोडल्याशिवाय निघत नाहीत. म्हणजे फ्रेमच्या हौसेपायी नव्या लॉकसाठी खेटे घालणं आलं. त्यापेक्षा नंबरप्लेटच्या दिव्याशेजारी, वरच्या पट्टीखाली बसणारा छोटा कॅमेरा घ्या. दुसरा पर्याय बंपरमध्ये भोक पाडून बसवायच्या कॅमेऱ्याचा. त्याचं भोक बहुधा १८.५ किंवा २२ मिलिमीटरचं असतं आणि कटर खोक्यातच मिळतो. प्लास्टिकच्या बंपरला भोक चालेल. डिकीच्या पत्र्याला पाडलंत, तर कडेला प्रायमर लावल्याशिवाय कॅमेरा आत सरकवू नका. पहिल्याच पावसाळ्यात तिथून गंज धरतो.

'एचडी' शब्दावर भाळू नका. जुना साधा सिग्नल सीव्हीबीएस, नवा एएचडी, आणि दोघांची पिवळी आरसीए पिन दिसायला सारखीच. एएचडी कॅमेरा साध्या स्क्रीनला लावला, तर चित्र येतच नाही किंवा काळंपांढरं, पळणारं येतं. गिऱ्हाईक मग कॅमेरा बिघडलाय म्हणून परत आणतं. तुमच्या प्लेअरच्या सेटिंगमध्ये एएचडी ७२०पी किंवा १०८०पी असा पर्याय आहे का, ते आधी बघा. असेल तर एएचडीच घ्या, रात्री फरक कळतो. नसेल तर साधा घ्या, जास्तीचे पैसे वाया जातील.

जोडणी सोपी आहे. कॅमेऱ्याची लाल वायर रिव्हर्स दिव्याच्या पॉझिटिव्हला, मध्ये १ अँपिअरचा फ्यूज. काळी वायर बॉडीच्या अर्थिंगला. आरसीए केबलसोबत येणारी बारीक लाल वायर मागे त्याच पॉझिटिव्हला आणि पुढे प्लेअरच्या 'रिव्हर्स' वायरला जोडायची. ती विसरली की गिअर टाकल्यावर स्क्रीन आपोआप बदलत नाही. केबल डिकीच्या रबरी नळीतूनच ओढा आणि आत थोडी सैल ठेवा. ताणून बसवलेली वायर डिकी उघडझाक करून तिथेच तुटते.

चिकटवण्याआधी एक चाचणी घ्या. कुणाला तरी गाडीच्या मागे डाव्या कोपऱ्याशी उभं करा. तो माणूस स्क्रीनवरही डावीकडेच दिसला पाहिजे. उजवीकडे दिसला, तर कॅमेरा पुढच्या बाजूच्या सेटिंगवर आहे. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या केबलला दोन छोटे वायरचे फास असतात. एक कापला की चित्र उलटतं, दुसरा कापला की अंतराचा अंदाज देणाऱ्या रंगीत रेषा जातात. कुठला रंग कशाचा, हे कंपनीगणिक बदलतं, म्हणून कागद वाचल्याशिवाय कात्री लावू नका.

आणि सेन्सर काढू नका. जुलै २०१९ पासून नव्या कारला ते बंधनकारकच आहेत, कॅमेरा नाही. बारीक खांब किंवा बुटका दगड सेन्सरला चुकतो, तो कॅमेऱ्यात दिसतो. अंतर मात्र कॅमेऱ्यापेक्षा सेन्सर खरं सांगतो.

रिव्हर्स टाकला की चित्र लुकलुकतं. इंजिन बंद असताना तसंच. – नाशिक

इंजिन बंद असतानाही होतंय, म्हणजे अल्टरनेटरचा, इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राचा, दोष नाही. काही गाड्यांत मागच्या दिव्याला सलग वीज न देता संगणक ती झपझप चालूबंद करतो. बल्बला त्याचं काही वाटत नाही, कॅमेऱ्याला वाटतं. कॅमेऱ्याच्या वायरीत कॅनबस फिल्टर, म्हणजे ही चालूबंद वीज सलग करणारी डबी, टाका. तुम्ही रिव्हर्सला स्वस्तातला एलईडी बल्ब लावला असेल, तर आधी मूळ बल्ब परत लावून बघा.

बोलेरोच्या मागच्या दारावर स्टेपनी आहे. कॅमेरा कुठे बसवू? – संगमेश्वर

दोन जागा. स्टेपनीच्या मधोमध ब्रॅकेट लावून, पण भिंग टायरच्या पृष्ठापेक्षा २-३ सेंटिमीटर बाहेर हवं, नाहीतर अर्धी स्क्रीन टायरच भरेल. किंवा खाली बंपरवर. तिथे चिखल जास्त उडतो, पण स्टेपनी काढताना कॅमेऱ्याला हात लावावा लागत नाही. कोकणातल्या पावसात आयपी ६७ (धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा) पेक्षा कमीचा घेऊ नका. पाणी बहुतेक वेळा भिंगातून नाही, तर जोडाच्या पिनेतून वायरीवाटे आत चढतं. तो जोड गाडीच्या आत घ्या.

भाजीपाल्याचा पिकअप आहे. बंपरवर कॅमेरा लावला, पण मार्केट यार्डात धक्क्याला लावताना काहीच दिसत नाही. – नारायणगाव

कारण तेव्हा तुमचा फाळका, म्हणजे हौद्याची मागची उघडणारी फळी, पडलेला असतो. फाळका खाली लोंबला की बंपर, नंबरप्लेट आणि कॅमेरा तिन्ही झाकले जातात, आणि नेमका त्याच वेळी कॅमेरा हवा असतो. कारचा कॅमेरा पिकअपवर फसतो तो असा.

कॅमेरा वर न्या. हौद्यावर ताडपत्रीच्या कमानी असतील, तर सगळ्यात मागच्या आडव्या पाइपावर मधोमध. कमानी नसतील, तर मागच्या उजव्या खांबावर फाळक्याच्या बिजागरीपासून दूर, भिंग थोडं आत वळवून. वर बसवायचा म्हणजे ब्रॅकेटवर खालीवर फिरणारा कॅमेरा हवा, चिकटवायचा नाही. चित्राच्या खालच्या कडेला पडलेल्या फाळक्याची धार दिसेल इतका तो झुकवा. ती धार आणि धक्क्याची कड यांतलं अंतर दिसणं हेच तुमचं काम. चित्रावरच्या रंगीत रेषांचा इथे उपयोग नाही. त्या कारच्या उंचीसाठी आखलेल्या असतात, सरळ बंद करून टाका.

पिकअप १२ व्होल्टचा आहे, त्यामुळे वीजेचा प्रश्न नाही. केबल मात्र १० मीटरची घ्या. ६ मीटरची ताणून पुरवली की ती सायलेन्सरजवळून जाते. चॅसिसच्या आतल्या बाजूने, प्लास्टिकच्या लवचिक नळीतून, दर ३० सेंटिमीटरला टाय मारत न्या. प्रोपेलर शाफ्टच्या (मागची चाकं फिरवणाऱ्या लांब दांड्याच्या) बाजूला टाय निसटला, तर केबल शाफ्टला गुंडाळली जाते आणि कॅमेऱ्यासकट उपटून येते. वर खांबावर केबल दोराच्या वाटेत येऊ देऊ नका, ताडपत्री आवळताना तीच आधी कापली जाते.

तुम्ही गाडी दाबाच्या पाण्याने धुता, असं लिहिलंय. आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरणं. जवळून मारलेल्या धारेची हमी त्यात येत नाही, ती आयपी ६९के मध्ये येते. नसेल तर धुताना भिंगावर फडकं बांधा.

ट्रकला लावलेला कॅमेरा आठवड्यात जळला. दुसराही. – सोलापूर

तुमच्या ट्रकला दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या आहेत, म्हणजे गाडी २४ व्होल्टची. चालू इंजिनला अल्टरनेटर २८ च्या आसपास देतो. १२ व्होल्टचा कॅमेरा त्यावर किती टिकणार? तिसरा घेताना लेबलवर '१० ते ३२ व्होल्ट' लिहिलेलं बघा. स्क्रीनच्या लेबलवरही तेच हवं. आहे तोच १२ चा वापरायचा असेल, तर २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर मध्ये लावा. दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट घेण्याचा जुगाड मात्र करू नका. ती बॅटरी सारखी कमी भरते, दुसरी जास्त भरते, आणि शेवटी दोन्ही जातात.

ट्रकच्या कॅमेऱ्यांना आरसीए पिनेऐवजी आटे असलेली चार पिनांची गोल जोडणी येते. हादऱ्यांनी ती निसटत नाही. पण चार पिनांचा क्रम सगळ्या कंपन्यांचा एक नसतो. कॅमेरा एकाचा आणि स्क्रीन दुसऱ्याची घेतलीत, तर वीज व्हिडिओच्या पिनेत जाऊ शकते. जोडी एकाच कंपनीची घ्या.

ट्रॅक्टरला उसाच्या दोन ट्रॉल्या असतात. मागच्या ट्रॉलीला वायरलेस कॅमेरा चालेल का? – कराड तालुका

चालेल, उपयोग होणार नाही. भरलेल्या ट्रॉलीतून ऊस मागे बाहेर लोंबतो आणि भिंग झाकतो. शिवाय दोन जोडलेल्या ट्रॉल्या मागे घेणं हे कॅमेऱ्याने सुटणारं काम नाही. पहिली एकीकडे वळते, दुसरी भलतीकडे. मागे माणूस उभा करा किंवा मागची सोडून घ्या.

पैसे घालायचेच तर ट्रॅक्टरवर घाला. मडगार्डच्या किंवा टपाच्या मागच्या बाजूला, हुकाकडे खाली बघणारा कॅमेरा लावा. ट्रॉली जोडताना पिन आणि भोक एका रेषेत आले का, हे सीटवरून दिसतं. मधल्या जागेत माणूस उभा करावा लागत नाही, आणि हात सापडतात ते तिथेच. ट्रॅक्टर १२ व्होल्टचा, वायरवाला साधा कॅमेरा पुरतो.

शाळेची बस आहे, मागची काच मोठी आहे. तरी कॅमेरा लागतो का? कसा घ्यावा? – बारामती

लागतो. काचेतून लांबचं दिसतं, बसला टेकून उभं असलेलं मूल दिसत नाही. इथे खोक्यावरच्या डिग्रीपेक्षा कोन महत्त्वाचा, आणि बसवणारे चुकतात तेही तिथेच. समजा कॅमेरा मागच्या काचेच्या वर २.७ मीटरवर आहे आणि उभ्या दिशेने त्याला ९० अंश दिसतात. तो ४५ अंश झुकवला, तर खालची कड थेट बंपरवर येते आणि वरची क्षितिजावर. पण चित्र 'छान लांबपर्यंत' दिसावं म्हणून फक्त २० अंशच झुकवला, तर बंपरमागची सव्वा मीटर जमीन दिसत नाही. मीटरभर उंचीचं मूल ८० सेंटिमीटरच्या आत उभं असेल, तर त्याचं डोकंही दिसत नाही.

म्हणून बसवल्यावर बंपरला टेकवून एक दप्तर ठेवा. ते स्क्रीनवर पूर्ण दिसेपर्यंत कॅमेरा खाली झुकवा आणि मगच स्क्रू आवळा. मग दोन्ही कोपऱ्यांशी एकेक दप्तर ठेवून रुंदी तपासा. १७० डिग्रीचा आकडा बहुधा तिरका, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजलेला असतो. आडवं त्याहून कमी दिसतं, कडा वाकतात आणि मूल लहान दिसतं. बसला १२० ते १३० चा पुरे. स्क्रीन ७ इंचाची, कॅमेरा १० ते ३२ व्होल्टचा, केबल १५ ते २० मीटर. मागे अंधार असतो, म्हणून इन्फ्रारेड दिव्यांचा घ्या. वायरलेस नको, चित्र क्षणभर गोठलं तरी ड्रायव्हरला ते कळत नाही.

भिंगाच्या आतून धुकं धरलंय. – रत्नागिरी

काच उघडू नका, परत तशी बसत नाही. वॉरंटी असेल तर बदलून घ्या. नसेल तर नवा घेताना जोड आधी आत घ्या, नाहीतर तोही धुकेल.