हेडलेस मल्टिस्केल गिटार घ्यायचीय, पण कुठली?

प्रश्न : दादा नमस्कार. नऊ वर्षं झाली सहा तारांची गिटार वाजवतोय. बँडमध्ये हल्ली सगळं ड्रॉप सी (जाड तार नेहमीच्या ई वरून सी पर्यंत उतरवलेली) नाहीतर त्याच्याही खाली चालतं आणि माझी जाड तार नुसती लोंबते, सूर धरतच नाही. शिवाय दोन तास उभं राहून वाजवलं की डावा खांदा भरून येतो. तीन वर्षं पैसे साठवलेत, तीन लाखांपर्यंत जाऊ शकतो. हेडलेस (डोकं नसलेली) मल्टिस्केल (तारांची लांबी वेगवेगळी असलेली) घ्यायची हे नक्की झालंय, पण स्ट्रँडबर्ग घेऊ, कीझल घेऊ का आयबानेझची क्यू सिरीज? इथे हातात घेऊन बघायला काहीच मिळत नाही.
– एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : अरे, ब्रँडचं मागाहून बघू. आधी मला सांग तुला सगळ्यात खालचा सूर कुठला लागतो, कारण तुझी निम्मी निवड तिथेच होऊन जाते आणि लोक नेमकं हेच सोडून रंग आणि लाकूड बघत बसतात.

स्टँडर्ड ट्यूनिंगला जाड तार साधारण ८२ हर्ट्झवर बोलते, ड्रॉप सी ला ६५, ड्रॉप ए ला ५५. तीच तार, तीच गिटार, फक्त ८२ वरून ६५ वर उतरवलीस की ताण जवळपास ३७ टक्क्यांनी कमी होतो, मग ती लोंबणार नाही तर काय करणार. जाडजूड तार चढवून ताण परत मिळवता येतो, पण तार जितकी जाड तितकी ताठर, तिचे वरचे स्वर थोडे चढे निघतात आणि डिस्टॉर्शन लावलं की सगळा चिखल होतो. म्हणून लांबी वाढवायची. ग्वाल्हेरात तर हे समजवायला गिटारसुद्धा लागत नाही, कुठल्याही गाणाऱ्या घरात पुरुषांचा आणि बायकांचा तंबोरा शेजारी शेजारी उभा करून बघ, खालच्या षड्जाला लांब तंबोरा लागतो, वरच्या पट्टीला आखूड. मल्टिस्केल म्हणजे हे दोन्ही तंबोरे एकाच नेकवर, म्हणजे दांड्यावर. जाड तारेला लांबी जास्त, बारीक तारेला कमी, म्हणून फ्रेट, म्हणजे नेकवरचे पडदे, पंख्यासारखे उघडलेले दिसतात. राल्फ नोव्हाक या अमेरिकन गिटार बनवणाऱ्याने १९८९ मध्ये याचं पेटंट घेतलं, पण तिरके पडदे युरोपातल्या काही जुन्या तंतुवाद्यांवर त्याच्याही कितीतरी आधी होते.

आता हिशेब. ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. साध्या गिटारची स्केल, म्हणजे वाजणाऱ्या तारेची लांबी, २५.५ इंच धरली आणि तीच तार त्याच सुराला २७ इंचांवर लावली तर ताण १२ टक्क्यांनी वाढतो, २८ इंचांवर २० टक्क्यांच्या थोडा वर. ऐकायला किरकोळ वाटतं पण पिक मारल्यावर हाताला लगेच कळतं.

आणि इथेच तुला एक गोष्ट कळकळीने सांगायचीय. स्ट्रँडबर्गच्या सहा तारांच्या बोडन मॉडेलची स्केल २५ ते २५.५ इंच असते. म्हणजे जाड तार तुझ्या आत्ताच्या गिटारएवढीच लांब, फक्त बारीक तारा अर्ध्या इंचाने आखूड! लीड वाजवणाऱ्याला बेंड करताना, म्हणजे तार ओढून सूर चढवताना, ते मऊ लागतं, गिटार सुंदर आहे यात वादच नाही, पण तुझा प्रश्न मात्र जिथल्या तिथे राहतो. त्यांच्याच आठ तारांच्या बोडनला २६.५ ते २८ आहे, ते वेगळं काम. तसंच आयबानेझच्या क्यू सिरीजमधल्या क्यूएक्स मॉडेल्सचे फ्रेट ८ अंश तिरके आहेत, फोटोत बघून बरेच जण ते मल्टिस्केल समजतात, पण फ्रेट सगळे समांतर आहेत आणि स्केल सगळ्या तारांना २५.५ इंचच आहे. तो तिरकेपणा मनगटाच्या सोयीसाठी, ताणासाठी नाही. हे माहीत नसताना कोणी साठवलेले पैसे घालून बसला तर मला खरंच वाईट वाटेल.

तेव्हा ड्रॉप सी आणि खालीच राहायचं असेल तर सात तारांची घे, नाहीतर अशी सहा तारांची शोध जिची जाड बाजू निदान २६.५-२७ इंच आहे. सात घेतलीस तर सातवी तार बी ला, ६२ हर्ट्झच्या आसपास लागते, आणि वरच्या सहा तारा नेहमीसारख्याच राहतात, त्यामुळे जुनी गाणीही सुटत नाहीत. मला विचारशील तर मी सातच सांगेन.

खांद्याचं म्हणशील तर तिथे हेडलेसचा खरा फायदा आहे. हेडस्टॉक (नेकच्या टोकाचं डोकं) आणि सहा-सात ट्यूनरचं (खुंट्यांचं) वजन टोकाला नसल्यामुळे नेक खाली झुकत नाही, आणि ती झुकणारी नेक सावरत बसण्यातच डावा हात आणि खांदा दमतो. शिवाय बोडनसारखी गिटार अडीच किलोच्या आसपास भरते, लेस पॉल चार किलो आणि वर. पण सगळ्या हेडलेस हलक्या नसतात, विकणाऱ्याकडून काट्यावरचं वजन मागवच. बसून वाजवत असशील तर डाव्या मांडीवर नीट बसेल असा खालचा कट आहे का बघ, नेक वर उचललेली राहिली की मनगट सरळ राहतं.

नेकची पाठ हातात घेतल्याशिवाय ठरवू नकोस. स्ट्रँडबर्गची एंडुरनेक गोल नसते, तिला सपाट पैलू असतात, अंगठा मागे ठेवून वाजवणाऱ्यांना ती फार आवडते आणि अंगठा वरून आणणाऱ्यांना अजिबात नाही. कीझल कॅलिफोर्नियात ऑर्डरप्रमाणे बनवून देतात, लाकूड, पिकअप (तारांचा आवाज उचलणारे), फिनिश सगळं तू सांगशील तसं, पण वाट बघावी लागते, आणि आपल्यासाठी बनवलेली वस्तू सातासमुद्रापलीकडे परत पाठवणं म्हणजे काय ते तूच विचार कर. डॉलरमधला आकडा बघून हुरळू नकोस, शिपिंग, कस्टम आणि जीएसटी धरून मग बजेट बघ, आणि त्यातून पंधरा-वीस हजार सेटअप, बॅग आणि तारांना बाजूला काढ. मी तर म्हणेन सकाळची गाडी पकडून एक दिवस दिल्लीला जा, आधी फोन करून कुठल्या दुकानात काय आहे ते विचार, आणि जे मिळेल ते निदान अर्धा तास वाजव, तुझ्याच बँडची गाणी, तुझ्याच ट्यूनिंगला. तुला हवी ती नाही मिळाली तरी हेडलेसचा तोल कळेल.

आपल्या हवेचंही बोलायला हवं. मे महिन्यात ग्वाल्हेरात पारा ४५ च्या वर जातो, लाकूड सुकतं, फ्रेटची टोकं नेकच्या कडेला बोटांना टोचायला लागतात, मग पावसाळ्यात तेच लाकूड फुगतं. म्हणून रोस्टेड, म्हणजे भट्टीत भाजून सुकवलेल्या, मेपलची नेक, आत कार्बन फायबरच्या पट्ट्या आणि स्टेनलेस स्टीलचे फ्रेट, या तीन गोष्टींना मी पैसे मोजेन. वरच्या नक्षीदार लाकडाला नाही.

प्रश्न : माझा मुलगा अशीच डोकं नसलेली गिटार मागतोय. खुंट्याच नाहीत तर सुरात लावायची कुठून? आणि तार तुटली तर?
– एक आई, मुरार

उत्तर : काकू, काळजी करू नका. खुंट्या गेल्या नाहीत, दुसऱ्या टोकाला आल्यात. तंबोऱ्याला घोडीच्या खाली मणी असतात ना, सूर बारीक मिळवायला, तसं इथे सगळंच ट्यूनिंग ब्रिजपाशी, गोल नॉब फिरवून. नेड स्टाइनबर्गर या अमेरिकन डिझायनरने १९८० च्या सुमारास असा बेस आणला आणि मग गिटारही, अ‍ॅलन होल्ड्सवर्थसारखा मोठा वादक त्या वाजवायचा. तेव्हा दोन्ही टोकांना गोळी असलेल्या खास तारा लागायच्या, आता बहुतेकांना दुकानातल्या साध्या तारा चालतात, वरच्या टोकाला स्क्रूने आवळायच्या आणि उरलेली तार कापायची.

फक्त ॲलन की जवळ हवीच. मी स्वतः एका कार्यक्रमाच्या आदल्या रात्री तो स्क्रू जास्त आवळला, तार तिथेच तुटली, आणि की राहिली होती दुसऱ्या बॅगेत. रात्री अकराला ओळखीच्या सायकलवाल्याला उठवावं लागलं, फार लाज वाटली. तेव्हापासून एक की केसमध्ये, एक गिटारच्या पट्ट्याला आणि एक खिशात असते. मुलालाही हेच सांगा. आणि हो, डोकं पकडणारा भिंतीवरचा हूक या गिटारला चालणार नाही, खालून बॉडी धरणारा स्टँड घ्या. क्लिपचा ट्यूनर लावायलाही नीट जागा नसते, पेडल ट्यूनर लागेल, तेवढा खर्च वेगळा धरा.

प्रश्न : पंख्यासारख्या फ्रेटवर हात बसायला किती दिवस लागतात?
– एक वाचक

उत्तर : अर्ध्या इंचाचा फरक असेल तर बऱ्याच जणांना कळतही नाही. दीड इंचाचा असेल तर आठ-पंधरा दिवस द्या. सरळ फ्रेट कुठला आहे ते मात्र विचारून घ्या, सातव्या-आठव्यापाशी असेल तर तिरकेपणा दोन्हीकडे वाटला जातो. तो बाराव्यापाशी असेल तर पहिल्या तीन फ्रेटवरच्या बारे कॉर्डला (एक बोट सगळ्या तारांवर आडवं टाकून धरतात ती) बोट फार वाकवावं लागतं, लहान हातांना ते जड जातं. आणि पिकअप बदलायची सवय असेल तर थांबा, तिरक्या ब्रिजसोबत पिकअपही बऱ्याचदा तिरके असतात, साधे त्या खाचेत बसतीलच असं नाही, म्हणून पहिल्यापासूनच आवडीचे असलेलीच गिटार घ्या. फिशमन फ्लुएन्ससारखे अ‍ॅक्टिव्ह असतील तर ९ व्होल्टची बॅटरी लागते, तिचा कप्पा स्क्रू न काढता उघडतो का तेही बघून घ्या.