आशा धरायची, पण कशावर? अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलबद्दल वाचकांचे प्रश्न

मुलगा राले इथे नॉर्थ कॅरोलायना स्टेटमध्ये एमएस करतो. त्याच्या नादाने आम्हीही बास्केटबॉल बघायला लागलो. 2024 साली त्यांचा संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चारांत गेला, ते पुन्हा होऊ शकतं का? की दरवर्षी आशा धरणं म्हणजे भाबडेपणा?
— केरी, नॉर्थ कॅरोलायना

होऊ शकतं. मात्र त्या वर्षी नेमकं काय जुळून आलं ते नीट पाहिलं, तर आशा कुठे धरायची हेही कळेल.

एसीसी या त्यांच्या गटाच्या स्पर्धेत संघ उतरला तेव्हा हिशेब होता 17 विजय, 14 पराभव. साखळीतले शेवटचे चारही सामने हरलेले. राष्ट्रीय स्पर्धेत जायचं तर गटाचं विजेतेपदच हवं होतं, म्हणजे पाच दिवसांत पाच विजय. लुइव्हिल, सिरॅक्यूज आणि ड्यूकला हरवून ते उपांत्य फेरीत व्हर्जिनियासमोर आले. शेवटचे पाच-सहा सेकंद उरले असताना व्हर्जिनिया तीन गुणांनी पुढे होती आणि फ्री थ्रोही (फाउलबद्दल मिळणारा, कोणी अडवू न शकणारा एका गुणाचा फटका) त्यांचाच होता. तो चुकला. मायकेल ओकॉनेलने लांबून मारलेला चेंडू फळ्यावर आपटून आत गेला, बरोबरी झाली आणि जादा वेळेत 73-65 असा विजय मिळाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी नॉर्थ कॅरोलायनालाही 84-76 ने हरवलं. तो फ्री थ्रो आत गेला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

त्यानंतर राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना 11वं मानांकन मिळालं, आणि ही गोष्ट बहुतेक चाहते नजरेआड करतात. या स्पर्धेचे चार विभाग असतात आणि प्रत्येकात 1 ते 16 मानांकनांचे 16 संघ. आठव्या किंवा नवव्या मानांकनाचा संघ पहिला सामना जिंकला की दुसऱ्याच सामन्यात, बहुतेक वेळा, पहिल्या मानांकनासमोर उभा राहतो. 11व्याची वाट वेगळी: आधी सहावा, मग तिसरा, मग दुसरा, आणि पहिल्याची गाठ पडलीच तर विभागाच्या अंतिम सामन्यात. त्यातही तिसऱ्या मानांकनाच्या केंटकीला ओकलंडने आधीच घरी पाठवलं होतं आणि पहिल्या मानांकनाच्या ह्यूस्टनला ड्यूकने. वाट इतकी मोकळी झाली की पहिल्या मानांकनाचा संघ त्यांना थेट फायनल फोरमध्ये, म्हणजे चार विभागविजेत्यांच्या राष्ट्रीय उपांत्य फेरीत भेटला. तिथे परड्यूने त्यांना 63-50 ने हरवलं.

1985 पासून 2025 पर्यंत 11व्या मानांकनाचे सहा संघ फायनल फोरपर्यंत गेले: एलएसयू (1986), जॉर्ज मेसन (2006), व्हीसीयू (2011), लोयोला शिकागो (2018), यूसीएलए (2021) आणि हा. दहाव्या मानांकनाचा एकच, 2016 ची सिरॅक्यूज. बाराव्याचा एकही नाही. आणि त्या सहांपैकी कोणीही उपांत्य सामना जिंकलेला नाही. तेव्हा आशेला कमाल मर्यादा घालायचीच असेल, तर ती तिथे घाला.

आकडेमोडही एकदा करून ठेवा. प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता 60 टक्के धरली, तरी सलग सहा जिंकण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी भरते. 85 टक्के धरली तरी ती 38च्या आसपास. म्हणजे सर्वांत बलाढ्य संघाचा चाहताही बहुतेक वर्षी रडतच घरी जातो.

आता संघात काय बघायचं. सरासरी गुण बघू नका, त्यातून फारसं हाती लागत नाही. शेवटच्या दोन मिनिटांत चेंडू कोणाच्या हातात असतो आणि त्याची फ्री थ्रोची टक्केवारी किती, हे आधी बघा. ती 80च्या पुढे असेल तर निम्मी चिंता मिटली. मग संघ सामन्यात किती वेळा फुकट चेंडू घालवतो ते मोजा. एका सामन्यात प्रत्येक संघाला साधारण 65 ते 70 वेळा चेंडू मिळतो. त्यातले 10 वाया गेले तर चालतं, 15 गेले की स्पर्धेत टिकणं अवघड. आणि उंच खेळाडू पहिल्या हाफमध्ये फाउल कसे सांभाळतो, यावरही लक्ष असू द्या. दोन फाउल झाले की बहुतेक प्रशिक्षक त्याला हाफ संपेपर्यंत बाकावर बसवतात. आमच्या मते ही सावधगिरी अनेकदा जास्तच महागात पडते. पाच फाउलपर्यंत सूट असताना आपलाच मोहरा आपणच बाजूला ठेवायचा! 2024 मध्ये डीजे बर्न्सच्या अंगावर दोघे धावून आले की तो शांतपणे मोकळ्या सहकाऱ्याला पास द्यायचा. तो मैदानात असला की बाकीचे चौघेही चांगले दिसायचे.

तीन गुणांच्या फटक्यांवर जगणारा संघ असेल तर दोन्ही बाजूंनी विचार करा. दुबळ्या संघाला अशी अनिश्चितता फायद्याची, बलवानाला धोक्याची. 16 मार्च 2018 ला 16व्या मानांकनाच्या यूएमबीसीने पहिल्या मानांकनाच्या व्हर्जिनियाला 74-54 ने हरवलं, तेव्हा यूएमबीसीचे 24 पैकी 12 थ्री आत गेले आणि व्हर्जिनियाचे 22 पैकी फक्त 4. त्यात व्हर्जिनियाचा खेळ संथ. चेंडू जितक्या कमी वेळा हातात येतो, तितका नशिबाचा वाटा वाढतो. मध्यंतराला 21-21 असताना ज्यांच्या पोटात गोळा आला होता, त्यांना हा खेळ कळत होता असं समजा. त्याच व्हर्जिनियाने पुढच्या वर्षी विजेतेपद मिळवलं.

मी आंतरविद्यापीठ स्तरावर खेळलो आहे, पण अमेरिकन कॉलेजचे शेवटचे दोन मिनिट बघताना डोकं चालत नाही. मुद्दाम फाउल काय करतात, कधी एकच फ्री थ्रो काय देतात!
— नागपूर

तुम्ही फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमांनी खेळलात: दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर, 24 सेकंदांत फटका, आणि क्वार्टरमध्ये पाचव्या सांघिक फाउलपासून दोन फ्री थ्रो. कॉलेजच्या पुरुषांच्या सामन्यात 20 मिनिटांचे दोन हाफ आणि फटक्याला 30 सेकंद असतात. हाफमधल्या सातव्या सांघिक फाउलपासून 'वन अँड वन' सुरू होतो: पहिला फ्री थ्रो आत गेला तरच दुसरा मिळतो. दहाव्यापासून सरळ दोन.

मुद्दाम फाउल करण्यामागचं गणित इथेच आहे. 60 टक्केवाल्या खेळाडूकडून वन अँड वनवर सरासरी 0.96 गुण निघतात, 70 टक्केवाल्याकडून 1.19, 80 टक्केवाल्याकडून 1.44. मागे पडलेला संघ म्हणून कच्चा फ्री थ्रोवाला हुडकत फिरतो. 60 टक्केवाल्याला पकडलं तर दहातल्या चार वेळा एकही गुण न देता रिबाउंडची, म्हणजे चुकून परत आलेला चेंडू पकडण्याची संधी मिळते. सातवा, आठवा, नववा फाउल कधी होतोय याकडे म्हणून डोळे लावून बसायचं. दहावा झाला की ही सवलत संपते.

दुसरा वाद जुना आहे: तीन गुणांनी पुढे असताना आपणहून फाउल करावा का? पाच-सहा सेकंद उरले असतील तर करावा, असं आम्हाला वाटतं. समोरच्याला फार तर दोन गुण मिळतील. पण तो ड्रिबल करत असताना, फटक्याची हालचाल सुरू व्हायच्या आत, आणि चेंडूवर हात मारून. नुसतं कमरेला मिठी मारली तर रेफरी तो मुद्दाम केलेला फाउल धरून दोन फ्री थ्रो आणि वर चेंडूही देतो. 2008 च्या अंतिम सामन्यात मेम्फिस दोन मिनिटं उरली असताना नऊ गुणांनी पुढे होती. तिने मोक्याचे फ्री थ्रो घालवले, शेवटी तीनच गुणांची आघाडी उरली आणि फाउल वेळेवर झाला नाही. कॅन्ससच्या मारियो चाल्मर्सने 2.1 सेकंद राहिले असताना थ्री मारला. जादा वेळेत कॅन्सस 75-68 ने जिंकली.

आणखी एक फरक. तुमच्या खेळात शेवटच्या दोन मिनिटांत टाइम आउट घेतला की चेंडू पुढच्या अर्ध्यात नेता येतो. कॉलेजच्या पुरुषांना ही मुभा नाही, आपल्या बास्केटखालून टाकायचा चेंडू तिथूनच टाकावा लागतो. 1992 मध्ये ड्यूकच्या ग्रँट हिलने सगळं मैदान ओलांडणारा पास फेकला आणि क्रिश्चन लेटनरने केंटकीविरुद्ध 104-103 असा सामना काढला, तो याच नियमामुळे. महिलांचे सामने 2015-16 पासून चार क्वार्टरचे आहेत. ते तुम्हाला जास्त ओळखीचे वाटतील.

आमचा संघ राष्ट्रीय स्पर्धेतल्या निवडीच्या 'काठावर' आहे असं सगळे म्हणतात. एवढे सामने जिंकूनही काठावर कसा?
— इंडियाना

विजय किती, यापेक्षा कोणावर आणि कुठे, हे निवड समिती बघते. 2018 पासून 'नेट' ही क्रमवारी वापरात आहे आणि तिच्या आधारे सामन्यांचे चार वर्ग पडतात. पहिल्या वर्गात: घरच्या मैदानावर पहिल्या 30 मधला प्रतिस्पर्धी, त्रयस्थ मैदानावर पहिल्या 50 मधला, परक्या मैदानावर पहिल्या 75 मधला. म्हणजे 70व्या क्रमांकाच्या संघाला त्यांच्या गावी जाऊन हरवलं तर विजय पहिल्या वर्गात, आणि त्यालाच आपल्या घरी हरवलं तर दुसऱ्यात.

तुमच्याच राज्यातलं उदाहरण घ्या. 2024 मध्ये इंडियाना स्टेटचे 28 विजय आणि 6 पराभव होते, तरी त्यांना स्पर्धेत जागा मिळाली नाही. पहिल्या वर्गातले विजय जेमतेम, आणि गटाच्या अंतिम सामन्यात ड्रेककडून हार. त्यात नॉर्थ कॅरोलायना स्टेटसारख्या अनपेक्षित गटविजेत्यांनी जागा पटकावल्या. एकूण जागा 68च, त्यामुळे प्रत्येक अशा विजेत्यामागे काठावरचा एक संघ गळतो. वरच्या उत्तरातल्या केरीच्या वाचकांचा आनंद इंडियाना स्टेटच्या गावाला, टेरे होटला असा भोवला.

म्हणून गटस्पर्धांच्या आठवड्यात आपल्या सामन्याइतकंच लक्ष इतरांच्या अंतिम सामन्यांवर ठेवा. ज्या संघाची निवड पक्की आहे त्याने जिंकावं म्हणून देव पाण्यात ठेवायचे. एरवी दुबळ्याच्या बाजूने ओरडायची सवय असेल, तर ती या आठवड्यापुरती आवरा.

ऑफिसात ब्रॅकेट, म्हणजे सगळ्या सामन्यांच्या विजेत्यांच्या अंदाजाचा तक्ता भरायचा आहे. युक्ती सांगा.
— न्यू जर्सी

63 सामने अचूक ओळखायचे तर शक्य रचना 92 हजार कोटी कोटींपेक्षा जास्त होतात, तेव्हा तो नाद सोडा. पहिल्या मानांकनाला पहिल्या फेरीत हरवू नका: 2025 पर्यंतच्या 160 सामन्यांत असं दोनदाच घडलं आहे. पाचवा विरुद्ध बारावा या जोड्यांत मात्र बारावा साधारण तीनातून एकदा जिंकतो, त्यामुळे चारपैकी एक तरी बारावा घ्या. विजेता निवडताना भावना बाजूला ठेवा, कारण बहुतेक ठिकाणी शेवटच्या सामन्यांना सर्वांत जास्त गुण असतात. आपल्या कॉलेजला पुढे न्यायचंच असेल तर दोन फेऱ्या न्या. तेवढ्याने हिशेब फार बिघडत नाही.

पुण्यातून थेट बघायचं तर किती वाजता?
— पुणे

मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेत घड्याळं पुढे होतात. त्यानंतर तिथल्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेत साडेनऊ तास मिळवा. संघांची घोषणा रविवारी संध्याकाळी सहाला, म्हणजे आपल्याकडे सोमवारी पहाटे साडेतीनला. पहिल्या फेरीचे सामने गुरुवारी-शुक्रवारी रात्री पावणेदहाच्या सुमारास सुरू होतात आणि सकाळी दहापर्यंत चालतात. अंतिम सामना मंगळवारी सकाळी साधारण सव्वासहा-साडेसहाला. प्रत्येक हाफमध्ये 16, 12, 8 आणि 4 मिनिटं उरल्यावर पहिल्यांदा खेळ थांबला की जाहिराती लागतात, चहा तेव्हाच टाका. शेवटच्या दोन मिनिटांना पंधरा मिनिटंसुद्धा लागतात, तेव्हा साडेआठची मीटिंग त्या दिवशी पुढे ढकलून घ्या.